बेगमी आणि बांधणी : कोमांत्रीच्या खाणीतले कारभारशास्त्र

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले की आपल्याकडे घराघरांत एक लगबग सुरू होते. गच्चीवर पापड-कुरडया वाळतात, मिरच्यांची देठे खुडली जातात, धान्याला ऊन दाखवून ते कणगीत नि डब्यांत जाते. कोकणात तर ह्या साऱ्याला आगोटीची कामे असे स्वतंत्र नावच आहे; पाऊस कोसळू लागण्याआधी लाकूडफाटा माळ्यावर चढला पाहिजे आणि घर शाकारून झाले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्यास ही धावपळ म्हणजे केवळ सवय वाटते. पण घरच्या कर्तीच्या मनात त्यामागे पक्का हिशेब असतो : खाणारी तोंडे किती, श्रावण-भाद्रपदातले सणवार किती, गेल्या साली तूरडाळ कोणत्या महिन्यात संपली. शिवाय आणखी एक गोष्ट असते, ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ही कर्ती उद्या अंथरुणास खिळली तर कोणत्या बरणीत काय आहे हे धाकट्या जावेला ठाऊक असते, आणि कोठीची किल्ली कोठे टांगली आहे हेही.

वाणिज्य शाखेच्या पाठ्यपुस्तकात ह्यांपैकी पहिल्या गोष्टीस नियोजन आणि दुसरीस संघटन असे म्हणतात. व्यवस्थापनाची कार्ये कोणती, असा प्रश्न परीक्षेत येतो आणि विद्यार्थी ती पाढ्यासारखी म्हणून दाखवतात. त्या कार्यांच्या व्याख्या येथे पुन्हा द्याव्यात असा आमचा हेतू नाही. माणसे योजना आखीत नव्हती असा काळ झालाच नाही. जहाजे धाडणाऱ्या पेढ्या काय किंवा देवळे बांधणारे राजे काय, हिशेब केल्यावाचून कोणी एक दगडही हलवला नसेल. परंतु हा ज्याच्या-त्याच्या अंगचा हुशारपणा आहे, तो असला तर असतो नाही तर नसतो, अशीच समजूत फार दिवस होती. ह्या हुशारपणास नाव देता येते, त्याचे भाग पाडता येतात आणि ते दुसऱ्यास शिकवता येतात, ही गोष्ट मात्र बरीच अलीकडची. ती ठामपणे सांगणाऱ्या पहिल्या काही जणांत एक फ्रेंच खाणइंजिनिअर होता. आपली मुले त्याला हेन्री फेयॉल म्हणून ओळखतात. त्याच्या गावचे लोक आंरी फायोल म्हणत. त्याने जे सांगितले ते त्याला कशापायी सांगावेसे वाटले, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे, आणि त्यासाठी आपल्याला जमिनीखाली उतरावे लागेल.

फ्रान्सच्या मध्यभागी आल्ये नावाच्या प्रांतात कोमांत्री हे गाव आहे. ह्या गावाखाली कोळशाचा फार जाड थर होता. खाणवाल्याच्या दृष्टीने जाड थर म्हणजे लक्ष्मी, पण ती लक्ष्मी तापट होती. कोळसा हवेतला प्राणवायू शोषून घेतो आणि शोषता शोषता तापतो; थराचे तुकडे मागे राहिले, मोकळ्या जागांत हवा खेळू लागली की कोणी काडी न लावता खाण आतून पेट घेते. कोमांत्रीत अशा आगी वारंवार लागत. 1860 साली सेंत एतिएनच्या खाणशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा फायोल ह्या खाणीवर इंजिनिअर म्हणून रुजू झाला. त्याचा जन्म 1841 चा, तोही कॉन्स्टँटिनोपल शहरातला. बाप तेथे बांधकामाच्या नोकरीवर होता. पोराच्या वाट्याला पहिले काम आले ते ह्या आगींशी झुंजण्याचे. पुढे 1879 साली त्याने कोळशाच्या आपोआप पेटण्यावर निबंध प्रसिद्ध केला, जमीन खचण्याच्या नियमांवरही लिहिले. कोमांत्रीच्या थरांत सापडलेल्या जीवाश्मांत हातभर पंखांचा एक प्रचंड चतुर निघाला. तो विद्वानांत इतका गाजला की खाणीचे नाव तेवढ्यापुरते तरी पॅरिसच्या पदार्थसंग्रहालयात पोहोचले. पण हे सारे नंतरचे. आमचा विषय सुरू होतो तो 1861 साली, एका घोड्याच्या पायापासून.

त्या काळी खाणीच्या आतल्या वाघिणी घोडे ओढीत. सेंत एदमाँ नावाच्या खाणीत सहाव्या पातळीवर काम करणाऱ्या घोड्याचा एके दिवशी सकाळी पाय मोडला. फायोलने ताबडतोब दुसरा घोडा देण्याविषयी चिठ्ठी लिहून पागेत धाडली. मोतद्दाराने चिठ्ठी परत केली. तिच्यावर डायरेक्टरसाहेबांची सही नव्हती. डायरेक्टर परगावी गेलेले, आणि आपल्यामागे कोणी पाहावे हे त्यांनी कोणासही सांगितलेले नव्हते. फायोलने विनवण्या केल्या, पण मोतद्दार हलला नाही. आपल्याला तसा स्पष्ट हुकूम आहे, एवढेच त्याचे म्हणणे. पागेत घोडा उभा आणि खाली सहावी पातळी बंद. त्या दिवसाचा तिथला कोळसा बुडाला. फायोलने हे सारे आपल्या टिपणात लिहून ठेवले आणि त्याला खाली निष्कर्षही जोडला : वरिष्ठाच्या गैरहजेरीत त्याच्या अधिकाराने काम करणारा कोणी तरी नेहमीच नेमलेला असला पाहिजे.

ह्या गोष्टीत मोतद्दाराला हसणे सोपे आहे. आम्हांस मात्र तो निर्दोष वाटतो. पागेतला घोडा कोणाच्याही चिठ्ठीवर जाऊ लागला तर महिन्याभरात पागा रिकामी होईल, म्हणून तर तो हुकूम निघालेला. हुकूम चुकीचा नव्हता. हुकूम देणारा माणूस आणि हुकूम देणारी जागा ह्यांत कोणी फरक केलेला नव्हता, ही चूक होती. डायरेक्टर गाडीत बसून गेला आणि त्याच्याबरोबर त्याची जागाही गेली. शिवकालीन गडाची व्यवस्था ज्यांनी वाचली आहे त्यांच्या मनात येथे एक तुलना आल्यावाचून राहणार नाही. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत; गडाच्या किल्ल्या एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे, धान्यसाठा आणि वैरण तिसऱ्याकडे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचा विचार स्वतंत्र प्रकरण घालून केला आहे तो उगीच नव्हे. राजा शंभर कोसांवर असताना गडाने तगून राहावयाचे असते, आणि म्हणून राजाच्या सहीवाचून गडावर काय काय होऊ शकते हे आधी ठरलेले असावे लागते. फ्रेंच कंपनीच्या खाणीत हे ठरलेले नव्हते.

अशा गोष्टीसाठी फ्रान्सला तरी कशाला जावे? एका संस्थेच्या कार्यक्रमास आम्ही गेलो होतो. वक्ते वेळेवर, श्रोते वेळेवर, आणि ध्वनिक्षेपक कपाटात बंद. कपाटाची किल्ली चिटणिसांच्या खिशात आणि चिटणीस लग्नाला सोलापुरास. वक्त्यांनी तासभर घसा ताणला. मागच्या रांगांना काय ऐकू आले ते त्यांनाच ठाऊक. सभासदांपैकी कोणाचाही त्यात दोष नव्हता, अगदी मोतद्दाराचा नव्हता तसाच.

1866 साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, फायोल कोमांत्रीच्या खाणीचा मॅनेजर झाला, आणि येथे त्याच्या विचाराला दुसरे तोंड फुटले. शेत दर साली पिकते. गिरणीचा कापूस संपला तर दुसरा येतो. खाणीचे तसे नाही. कोळसा काढणे म्हणजे रोज थोडे भांडवल उचलून विकणे. जितके काम चांगले चालावे तितका खाणीचा शेवट जवळ येतो. शिवाय आज जी पातळी कोळसा देत आहे ती काही वर्षांपूर्वी खणायला घेतलेली असते, आणि आज कोणी खाली नवी वाट पाडली नाही तर त्याची झळ आजच्या मॅनेजरला न लागता त्याच्यानंतर येणाऱ्यास लागते. आगीचेही तसेच. आज निष्काळजीपणे मागे सोडलेला कोळसा कधी पेटेल हे सांगता येत नाही, पण तो पेटेल हे मात्र सांगता येते. अशा धंद्यात बारा महिन्यांच्या जमाखर्चाकडे पाहून कारभार करणारा माणूस दर साली नफा दाखवीत दाखवीत खाण बुडवू शकतो. दहा वर्षांचा अंदाज बांधण्याची कल्पना फायोलला कोणत्याही ग्रंथातून मिळालेली नाही, ती त्याला जमिनीखाली मिळाली, असे आम्ही म्हणतो ते ह्याच कारणाने.

ही गोष्ट प्रत्यक्ष कसोटीस लागली 1888 साली. खाण ज्या कंपनीची होती ती 1874 पासून कोमांत्री-फुर्शांबो ह्या नावाने चालत होती. तिच्याकडे खाणी होत्या तशा लोखंड-पोलादाच्या भट्ट्याही होत्या. 1888 पर्यंत तिची दशा फारच वाईट झाली. 1885 पासून भागधारकांना लाभांश मिळालेला नव्हता, फुर्शांबो आणि माँल्युसाँ येथले कारखाने तोट्यात होते, आणि कोमांत्रीचा थर सरत आलेला. कंपनी मोडीत काढावी की काय, असा विचार संचालक मंडळात चालू असताना त्यांनी फायोलला मुख्य कारभारी नेमले. हजारो माणसांची चूल ह्या कंपनीवर पेटत होती. म्हणजे तो प्रश्न केवळ भागधारकांच्या मिळकतीचा नव्हता.

त्याने काय केले ते थोडक्यात सांगता येते. फुर्शांबोच्या भट्ट्या बंद करून काम माँल्युसाँला एकवटले. संपत आलेल्या थरांच्या जागी नवे थर मिळवले : 1891 साली ब्रासाकच्या कोळशाच्या खाणी आणि पुढल्याच साली दकाझव्हिलच्या. नंतर पूर्वेकडे जुद्रव्हिल येथे लोहखनिजही हाती आले. कंपनीचे नावही कोमांत्री-फुर्शांबो-दकाझव्हिल असे लांबले. तो 1918 साली, तीस वर्षांच्या कारभारानंतर, निवृत्त झाला तेव्हा ही कंपनी फ्रान्समधल्या भक्कम कंपन्यांत गणली जात होती. पहिल्या महायुद्धात तिने देशाला पोलाद आणि कोळसा पुरवला.

ह्या यादीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे ते तिच्यामागचे कागद. फायोलच्या कंपनीत दर साली पुढच्या सालाचा अंदाज लिहिला जाई, आणि त्याबरोबर पुढच्या दहा सालांचाही. प्रत्येक खाण, प्रत्येक कारखाना आपापला अंदाज करी. किती माल निघेल, कोणत्या दराने खपेल, कोणती यंत्रे बदलावी लागतील, पैसा कोठून येईल, हे सारे एका आराखड्यात जुळवले जाई. वर्ष संपले की झालेले आणि योजलेले शेजारी शेजारी मांडायचे. दहा सालांचा अंदाज पाच सालांनी पुन्हा नव्याने करायचा, म्हणजे कंपनीच्या पुढे निदान पाच वर्षांची वाट नेहमीच आखलेली राहावी. त्याच्या मते चांगल्या योजनेत चार गुण असावे लागतात : ती एकच असावी, अखंड असावी, वाकणारी असावी आणि नेमकी असावी. ह्या चारांपैकी तिसरा आणि चौथा एकमेकांशी भांडतात हे उघड आहे. नेमकी योजना सहसा वाकत नाही आणि वाकणारी सहसा नेमकी राहत नाही. फायोल हे भांडण सोडवतो ते मुदतीने. जवळचे नेमके आणि दूरचे सैल, आणि दूरचे जसजसे जवळ येईल तसतसे त्याला आवळत न्यावयाचे. पाऊसकाळाची बेगमी करणारी गृहिणी मीठ-मिरची वजनाने मोजते, पण पुढल्या साली मुलीचे लग्न निघाले तर काय, ह्यासाठी नुसते काही बाजूला टाकून ठेवते. प्रकार तोच.

अंदाज खरा ठरला नाही म्हणून अंदाज बांधणेच व्यर्थ, असे म्हणणारे लोक त्या कंपनीतही असणारच. त्याचे उत्तर कंपनीच्या एका लहानशा कारखान्याने दिले. अँफी येथे ह्या कंपनीचा पोलादाचा कारखाना होता आणि तेथे निरनिराळ्या धातूंच्या मिश्रणांवर संशोधन चाले. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातला शार्ल एदुआर गिओम हा शास्त्रज्ञ लोखंड आणि निकेल ह्यांच्या मिश्रणांचा अभ्यास करीत होता, आणि त्याला लागणारे नमुने अँफीने ओतून दिले. 1896 साली त्यातून इनव्हार हा धातू निघाला. त्यात सुमारे 36 टक्के निकेल असते आणि तो उन्हाने जवळजवळ वाढतच नाही. घड्याळांचे लंबक आणि जमीन मोजण्याच्या तारा त्याच्या होऊ लागल्या. गिओमला 1920 साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. 1888 च्या कोणत्याही अंदाजात इनव्हार लिहिलेला असणे शक्य नव्हते. पण संशोधनासाठी माणूस, भट्टी आणि पैसा बाजूला काढून ठेवणे शक्य होते आणि ते ठेवलेले होते. काय येईल ते माहीत नसतानाही त्याच्यासाठी जागा राखता येते, हा बेगमीचा अर्थ आम्हांस तरी अँफीच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट झाला.

आता दुसरा भाग, बांधणीचा. फायोलने एक साधा हिशेब मांडला आहे. एका मुकादमाच्या हाताखाली 15 कामगार धरा. अशा चार मुकादमांवर एक वरचा मनुष्य म्हणजे 60 कामगार झाले. मग दर पायरीला चार-चार धरीत वर चला : 240, 960, 3,840. म्हणजे चार हजारांच्या आतबाहेरचा कारखाना मुकादमापासून मुख्य कारभाऱ्यापर्यंत अवघ्या पाच पायऱ्यांत बसतो. हे आकडे काही वेदवाक्य नाहीत आणि त्याने तसे म्हटलेलेही नाही. पण त्यांतून एक गोष्ट दिसते. कारभार वाढतो तो डोक्यांच्या संख्येने तितका वाढत नाही. तो पायऱ्यांनी वाढतो, आणि प्रत्येक पायरीवर निरोपाला विसावा घ्यायची सवय लागते. मोतद्दाराच्या सहीची गोष्ट आठवा. पायऱ्या पाच असतील तर सह्या पाच.

ह्यावर त्याने सुचवलेला उपाय फार सुंदर आहे. एका शिडीच्या दोन बाजूंवर पाय ठेवून उभी असलेली माणसे कल्पावीत. डावीकडच्या सर्वांत खालच्या माणसाला उजवीकडच्या सर्वांत खालच्या माणसाशी काम पडले तर रीतीप्रमाणे त्याने निरोप टोकापर्यंत चढवावा, तेथून पलीकडच्या बाजूने पायरीपायरीने उतरवावा, आणि उत्तरानेही त्याच वाटेने परत यावे. फायोल म्हणतो, ह्या दोघांमध्ये एक लहान पूल टाका. दोघांचे वरिष्ठ कबूल असले आणि काय ठरले ते त्यांना मागाहून कळवले, तर शिडीही मोडत नाही आणि कामही त्याच दिवशी होते. त्याने वापरलेला फ्रेंच शब्द पादचाऱ्यांच्या अरुंद पुलाचा आहे. कोकणात ओढ्यावर दोन ओंडके टाकून जो साकव करतात तोच हा. साकवावरून गाडी जात नाही आणि जाऊही नये. पण साकव नसेल तर पलीकडल्या वाडीतल्या माणसास हाक मारून बोलावण्यासाठी दोन कोसांचा वळसा पडतो.

येथे त्याचा दुसऱ्या एका मोठ्या माणसाशी मतभेद होता, तो एका वाक्यात सांगतो. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरने एकाच कामगारावर निरनिराळ्या कामांपुरते आठ मुकादम नेमण्याची पद्धत काढली होती. फायोलच्या मते एका माणसाला एकाच वेळी एकच हुकूम देणारा असावा. टेलरने हातातल्या फावड्यापासून सुरुवात केली आणि फायोलने वरच्या खुर्चीपासून. दोघांचे भक्त पुढे पुष्कळ भांडले.

पण इतिहासकाराने फायोलची बाजू घेऊन थांबता कामा नये. स्वतःच्या यशाविषयी तो असे सांगे की खाणी त्याच, कारखाने तेच, भांडवल, बाजार, संचालक आणि माणसेही तीच. केवळ कारभाराची रीत बदलली आणि कंपनी वर आली. हे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. खाणी त्याच नव्हत्या. ब्रासाक आणि दकाझव्हिल नव्याने घेतलेल्या होत्या. कारखानेही तेच नव्हते. फुर्शांबोच्या भट्ट्या विझवल्या होत्या. ह्या भट्ट्या विझल्या तेव्हा माँल्युसाँच्या वहीत काटकसर नोंदली गेली असेल, पण ज्या गावाचे नाव कंपनीच्या नावात होते त्या गावच्या लोहारकाम करणाऱ्या घरांत काय झाले ते दहा सालांच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचे? रकाना आखणाराने काय आखले नाही, हेही पाहावे लागते.

दकाझव्हिल हे नाव तर फ्रेंच मजुरांच्या कानांत वेगळ्याच कारणाने घुमत होते. फायोलच्या कंपनीने ती खाण घेण्यापूर्वी, 1886 च्या जानेवारीत, तेथे मजुरीच्या प्रश्नावरून संप झाला आणि चिडलेल्या जमावाने वात्रँ नावाच्या अधिकाऱ्यास खिडकीतून खाली फेकून ठार केले. संप पुढे काही महिने चालला. झोलाची ‘जर्मिनाल’ ही खाणकामगारांवरची कादंबरी आदल्याच साली पुस्तकरूपाने आली होती. अशी खाण फायोलने विकत घेतली ती केवळ कोळशाचा नकाशा पाहून घेतली असेल असे वाटत नाही. आणि खुद्द कोमांत्रीतही माणसे गप्प नव्हती. पूर्वी खाणीत राबलेला क्रिस्तोफ तिव्रिए 1882 साली गावचा समाजवादी नगराध्यक्ष झाला. पुढे 1889 साली तो फ्रान्सच्या लोकसभेत निवडून गेला आणि तेथे मजुराचा निळा सदरा घालूनच बसला. म्हणजे ज्या गावात कारभारशास्त्राचा जन्म होत होता त्याच गावात, त्याच वर्षांत, कारभार कोणाचा हा प्रश्न मजूर विचारीत होते.

फायोलने ह्या प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच्या एका कोष्टकात आहे. मोठ्या कारखान्यातल्या कामगाराची एकंदर कर्तबगारी शंभर धरली तर तीत हस्तकौशल्य 85 आणि कारभाराची जाण 5; मुकादमाच्या बाबतीत 60 आणि 15; कारखान्याच्या डायरेक्टरच्या बाबतीत 15 आणि 40. हे आकडे मोजून काढलेले नव्हेत, अनुभवाने ठरवलेले आहेत. त्यांचा एक अर्थ असा की चांगला इंजिनिअर म्हणजे चांगला कारभारी नव्हे, आणि तांत्रिक शाळांत नुसते गणित शिकवून भागणार नाही. हे तो जन्मभर सांगत राहिला आणि ते खरेही होते. दुसरा अर्थ त्याने बोलून दाखवला नाही. कामगाराच्या वाट्याला आलेले ते 5 कमी आहेत की काय, हे त्याने कामगारास विचारलेले नाही. सहाव्या पातळीवर उतरणाऱ्या माणसाला कोणता खांब केव्हा कोसळेल हे कळते. हे कळणे हस्तकौशल्यात धरावयाचे की पुढचे पाहण्यात? मात्र त्याने एक गोष्ट आवर्जून लिहिली : आपली योजना आपण आखून ती तडीस नेण्यासारखा आनंद माणसाला दुसरा नाही, आणि वरिष्ठाने आपला थोडा अहंकार बाजूस ठेवून तो आनंद हाताखालच्या माणसास मिळू द्यावा. हे वाचल्यावर त्याच्यावरचा आमचा राग निम्मा होतो.

हे विचार त्याने एकदम मांडले नाहीत. 1900 साली पॅरिसला भरलेल्या खाण आणि धातुकाम परिषदेत त्याने त्यांचा पहिल्यांदा उच्चार केला, 1908 साली सेंत एतिएनच्या सभेत विस्तार केला, आणि 1916 साली, व्हर्दूनच्या रणधुमाळीत, खाणउद्योग मंडळाच्या पत्रिकेत त्याचा मुख्य प्रबंध छापला गेला. धंद्यातली सारी कामे त्याने सहा गटांत वाटली : उत्पादनाचे, खरेदीविक्रीचे, पैशाचे, सुरक्षिततेचे, हिशेबाचे आणि कारभाराचे. मग ह्या शेवटल्या कारभाराची पाच अंगे सांगितली. पुढचे पाहून तयारी ठेवणे, बांधणी करणे, हुकूम देणे, मेळ घालणे आणि तपासणी करणे.

निवृत्त झाल्यावर सरकारने त्याला टपाल-तार-टेलिफोन खात्याची पाहणी करावयास सांगितले. 1921 साली त्याने जे लिहिले ते फार कडक होते. खात्याच्या डोक्यावर बसणारा राजकीय अधिकारी वरचेवर बदलतो, लांब पल्ल्याची योजना नाही, धंद्याला असतो तसा ताळेबंद नाही, आमदार-खासदारांची ढवळाढवळ फार, आणि कोणतीच गोष्ट अमुक एकाची जबाबदारी म्हणून दाखवता येत नाही. साठ वर्षांपूर्वी पागेच्या दारात चिठ्ठी घेऊन उभा राहिलेला तरुण ह्या म्हाताऱ्यात आम्हांस जसाच्या तसा दिसतो. 1925 च्या नोव्हेंबरात पॅरिस येथे तो वारला.

जाता जाता एक शब्दाची गोष्ट. फायोलने पहिल्या अंगासाठी जो फ्रेंच शब्द योजला तो ‘प्रेव्हायांस’. त्यात दूरवर पाहणे आहे आणि त्याबरोबरच जे दिसले त्यासाठी काही बाजूस काढून ठेवणेही आहे. फ्रेंच लोक हाच शब्द म्हातारपणाच्या तरतुदीसाठी वापरतात. 1949 साली लंडनमध्ये जे इंग्रजी भाषांतर सर्वत्र पसरले त्यात ह्या प्रकरणाच्या मथळ्यावर ‘प्लॅनिंग’ आले, आणि ज्याला तो कारभार म्हणे त्याचे ‘मॅनेजमेंट’ झाले. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांनी 1950 नंतर ह्याच शब्दांवर आपली प्रकरणे रचली आणि तीच पुस्तके आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत आली. 1951 साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाल्याने नियोजन हा शब्द आधीच सर्वांच्या तोंडी बसलेला होता. ‘प्लॅनिंग’साठी भाषांतरकारांना तो तयारच सापडला. त्यात पाहणे आले, आखणे आले. कोठीत भरून ठेवणे मात्र त्यात आले नाही, आणि त्यासाठी आपल्या भाषेत जो शब्द होता तो पापड-कुरडयांच्या बाजूलाच राहिला.